उतारावर एकच ब्रेक

चक्रीवादळ येऊन गेलं त्या आठवड्यात मी आमच्या घराच्या छपरावरून पडले.

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून समुद्राच्या बाजूला. वादळाने सुपारीच्या बागा झोपवल्या होत्या, घरोघरची कौलं उडाली होती. त्यात लॉकडाऊन. सुतार मिळेना, गवंडी मिळेना, ताडपत्रीसाठी बोर्लीत रांगा. वडील मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे घरात मी आणि आई दोघीच. आई बागांत कामाला जायची. मी डी.एड. करून नोकरीची वाट बघत होते आणि गावच्या मुलींच्या संघातून कबड्डी खेळत होते. छपरावर चढायला घरात माझ्याशिवाय दुसरं कोण होतं?

पावसाने जरा उघडीप दिल्यावर मी शिडी लावली. आईने ती खालून धरली. ताडपत्रीचं एक टोक वाशाला बांधून मी परत शिडीवर पाय ठेवला, तेवढ्यात समुद्राकडून वारा आला. भिंतीला टेकवून ठेवलेला पत्रा उचलला गेला आणि आईच्या दिशेने सरकला. तो अडवायला तिने शिडी सोडली. क्षणभरच. शिडी बाजूला घसरली आणि माझी पाठ पायरीच्या दगडावर आपटली.

दुखलं नाही, हेच मला पहिल्यांदा विचित्र वाटलं. आई माझे पाय धरून हलवत होती आणि ते पाय माझे आहेत हे मला फक्त दिसत होतं.

शेजारच्या आळीतल्या चाचांनी मला म्हसळ्यापर्यंत नेलं. चाचांनी आयुष्यातली बरीच वर्षं सौदीत ट्रेलर चालवला होता. परत आल्यावर ते बोर्ली-म्हसळा मार्गावर मिनिडोर चालवायचे. आम्ही त्या सहा सीटच्या रिक्षेला मिनिडोरच म्हणतो. त्यांनी एका घराचा मोडलेला दरवाजा आणला, मला त्यावर तसंच उताणं झोपवून मागे ठेवलं आणि पडलेली झाडं चुकवत चुकवत गाडी काढली. म्हसळ्याहून माणगाव, माणगावहून मुंबई. मणका मोडला होता. कमरेखाली जाणीव परत येणार नाही, हे डॉक्टरांनी फार घोळ न घालता सांगितलं. आई तेव्हा खाटेजवळ उभी होती.  पुढे बराच काळ आम्ही दोघी त्या शिडीबद्दल एक अक्षर बोललो नाही.

मुंबईत उपचारांनंतर एका पुनर्वसन केंद्रात मी बरेच महिने काढले. खाटेवरून खुर्चीत कसं सरकायचं, लघवीची नळी कशी घालायची, हे सगळं तिथे शिकले. तिथे एक मॅडम यायच्या. त्या स्वतः व्हीलचेअरवर होत्या आणि पेशंटना खेळायला लावायच्या. त्यांनी एकदा माझ्या दंडाला हात लावून विचारलं, "काय खेळायचीस?"

"कबड्डी."

"चढाई की पकड?"

"पकड."

"मग ये माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

मागच्या आवारात एक वेगळीच खुर्ची होती. लांबलचक, तीन चाकांची, पुढचं चाक कितीतरी पुढे. तिच्यात बसायचं नसतं. गुडघे दुमडून, पाय खाली घालून, छाती मांड्यांवर टेकवायची आणि दोन्ही बाजूंच्या चाकांवरच्या कड्यांना मुठीने ठोसे द्यायचे. हातात जाड कडक मोजे. धरायचं नाही, ठोकायचं. पुढच्या चाकाला एक छोटा ब्रेक असतो, तेवढाच. वळणासाठी एक दांडी असते, ती हाताने मारली की पुढचं चाक थोडं तिरकं होऊन तसंच राहतं.

मी पहिला ठोसा दिला आणि खुर्ची भिंतीवर जाऊन आदळली. मॅडम हसल्या नाहीत. "परत," म्हणाल्या.

मी सांगते ते कुणाला खोटं वाटेल, पण त्या आवाराच्या दुसऱ्या फेरीला माझ्या तोंडावर वारा लागला आणि मला पहिल्यांदा रडू आलं. हॉस्पिटलमध्ये आलं नव्हतं.

मॅडमनी एका जुन्या खेळाडूची वापरलेली रेसची खुर्ची मला मिळवून दिली आणि मी गावी आले. सराव कुठे करणार? आमच्याकडचे रस्ते म्हणजे एका बाजूला बाग, दुसऱ्या बाजूला गटार आणि मधून दिघीच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर. खुर्चीत मी जमिनीपासून एवढी खाली असते की ट्रेलरवाल्याला मी दिसतच नाही. पहिल्याच सकाळी एक ट्रेलर अंगावरून गेल्यासारखा गेला. त्याच्या वाऱ्याने खुर्ची डांबरावरून खाली उतरली. मी घरी आले तेव्हा आई अंगणातच उभी होती.

"बास झालं," ती म्हणाली. "एकदा मरता मरता वाचलीस तेवढं पुरे हाय."

त्या दुपारी चाचा आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाले, "भाबी, पोरगी ऐकणार न्हाय. मग एकटी कशाला जाऊ द्यायची? फजरची नमाज झाली की मी मिनिडोर काढतो. तिच्या मागे राहतो. माझ्या मागून जो येईल त्याला आधी मी दिसेन."

 आईने चहा ठेवला. आमच्या घरात होकार असाच मिळतो.

तेव्हापासून रोज पहाटे मी पुढे आणि चाचांची गाडी मागे, दोन्ही इंडिकेटर चालू. ते सतत बोलत असायचे. "डावीकडे खड्डा हाय." "कुत्रा." "बेटी, मान वर कर, रस्ता बघ." सपाटीवर सगळं ठीक चाललं. पण मॅडमनी फोनवर बजावलं होतं की पूर्ण मॅरेथॉनमध्ये पूल असतात, चढ-उतार असतात, त्याची तयारी हवी. म्हणून एका सकाळी आम्ही म्हसळ्याकडच्या घाटात गेलो.

चढताना जीव निघाला. प्रत्येक ठोशानंतर खुर्ची मागे घसरायची आणि चाकं पकडायची घाई व्हायची. पण माझी खरी भीती उताराची होती आणि ती मी चाचांना सांगितली नव्हती. वरून खाली सुटले तेव्हा पहिल्या वळणापर्यंत ब्रेकवर बोट होतं. दुसऱ्या वळणानंतर मला वेग आवडला. हे कबूल करायला हवं. मागून चाचांच्या हॉर्नचा आवाज येत होता, तो हळूहळू लांब गेला, कारण मिनिडोर एवढी पळत नाही.

तिसऱ्या वळणावर समोरून एस.टी. आली. अर्ध्याहून जास्त रस्ता तिने घेतलेला. मी ब्रेक दाबला. पुढचं चाक ओल्या पाल्यावर होतं, ते थांबलं पण खुर्ची थांबली नाही. दांडी मारली. चाक तिरकं झालं आणि एस.टी.चं मागचं चाक माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून गेलं. मी जांभ्याच्या दरडीला घासत घासत उलटी झाले. पाय पट्ट्यांनी खुर्चीत बांधलेले. मला निघता येईना. तोंडात माती. आणि मी वरच्या वळणाकडे बघत राहिले, कारण आता तिथून जे वाहन येईल त्याला मी रस्त्यात पडलेली दिसणार नव्हते.

पहिली चाचांचीच गाडी आली. त्यांनी ती रस्त्यात आडवी घातली. त्यांनी माझे पट्टे सोडवले. मला वाटलं आता ओरडतील. ते रस्त्याच्या कडेला बसले, टोपी काढली, तोंडावरून हात फिरवला.

"तुझ्या आईला मी काय सांगितलं असतं?" ते म्हणाले. "बोल. काय सांगितलं असतं?"

 उद्यापासून घाटात गाडी माझ्या पुढे राहील, मागे नाही, आणि मी तिला ओलांडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी मान हलवली. उजव्या दंडाची साल निघाली होती. आईने हळद लावली आणि विचारलं नाही कसं झालं. चाचांनी आधीच सांगितलं असणार.

पुढच्या हिवाळ्यात माझं नाव एका मोठ्या शहरातल्या पूर्ण मॅरेथॉनसाठी लागलं. बायकांमध्ये रेसच्या खुर्चीवर मी एकटीच होते. गावात बातमी पसरली. जुन्या कबड्डीच्या मुली भेटून गेल्या, शाळेत सत्कार ठरला. जायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरून झाली होती.

आई रोज माझी त्वचा तपासायची. खुर्चीत पायांवर, गुडघ्यांवर भार येतो आणि तिथे मला काही कळत नाही. काही रुतलं, घासलं, तर ते कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं. त्या संध्याकाळी तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि डाव्या नडगीवर बोट दाबून धरलं. बोट काढलं. परत दाबलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"लाल हाय. दाबलं तरी पांढरं होत न्हाय."

मला त्याचा अर्थ माहीत होता. केंद्रात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. लालपणा जात नसेल तर आतलं मांस खराब व्हायला लागलंय. भार दिला तर जखम होते, जखम हाडापर्यंत जाते, त्यातून रक्तात विष भिनतं. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई अशीच गेली होती.

"एक दिवसाचा प्रश्न आहे," मी म्हणाले. "कापूस लावून बांधू. आल्यावर महिनाभर झोपून राहीन."

"न्हाय."

"आई, वर्षभर मी यासाठी हात सोलून घेतलेत."

"मी न्हाय पाठवणार तुला."

मग मी जे बोलले ते बोलले. मी काही लहान नाही, तू मला अडवणारी कोण, तुला माझं काय कळतंय. ती ऐकत राहिली, टॉर्च अजून माझ्या पायावर. शेवटी म्हणाली, "शिडी मी सोडली होती. तेव्हा सोडली. आता न्हाय सोडणार. तू माझ्याशी आयुष्यभर बोलू नको, चालेल."

 इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो शब्द उच्चारला गेला होता. मी कधीच तिला दोष दिला नव्हता, असं मला सांगायचं होतं. पण ते पूर्ण खरं होतं का, याची मला त्या क्षणी खात्री नव्हती. रात्री केव्हातरी अंधारात काही प्रश्न मनात आले होतेच. ती पत्र्याला घाबरली नसती तर? पत्रा तिच्या अंगावर आला असता तर? मी म्हटलं, "पत्रा तुझ्या मानेवर आला असता."

"आला असता तर आला असता," ती म्हणाली आणि टॉर्च बंद केला.

मी मॅडमना फोन करून नाव मागे घेतलं. लाल ठिपका चार दिवसांत फुटला. आतून खड्डा केवढा होता ते तेव्हा दिसलं. बोर्लीच्या दवाखान्यात रोज ड्रेसिंग, खुर्चीला बंदी, मी उताणी. 'बघ, मी सांगत होते' असं आईने एकदाही म्हणून दाखवलं नाही. उताणी पडल्या पडल्या मला शर्यतीच्या दिवसाचे फोटो मोबाइलवर दिसले. मी मोबाइल उशीखाली ढकलला.

जखम भरायला हिवाळा गेला. त्यानंतर नडगीखाली घालायला मॅडमनी मऊ गादी करून घेतली आणि मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढच्या वर्षी त्याच शहरात गेले. आई बरोबर होती, चाचांना गाडी सोडून येता आलं नाही. व्हीलचेअरवाल्यांना आधी सोडतात. अजून उजाडलं नव्हतं. पुरुष खेळाडू थोडे होते, ते पहिल्या वळणालाच दिसेनासे झाले. मग रस्ता फक्त माझा. मी कबड्डीत दम धरायचे तसा श्वास लावला आणि ठोसे मोजणं सोडून दिलं.

अर्धं अंतर होईपर्यंत मी ठीक होते. मग उड्डाणपुलाचा चढ आला. घाटापेक्षा कमी, पण लांब. मध्यावर उजव्या मोज्याची टेप सुटली. अंगठा कड्यावर घासायला लागला आणि कडं रक्ताने निसरडं झालं. थांबून टेप लावावी तर खुर्ची मागे जाणार. डाव्या हाताने चाक अडवून दातांनी टेप ओढली. तेवढ्या वेळात मागून आलेले धावपटू मला ओलांडून गेले.

पुलाचा माथा आला. खाली बघितलं तर उतार माणसांनी भरलेला. कमी अंतराच्या शर्यतीतले लोक दुसऱ्या बाजूने येऊन त्याच रस्त्याला मिळाले होते. कुणी चालत होते, कुणी घोळक्याने फोटो काढत होते, पाण्याचे रिकामे पेले सगळीकडे. मला तिथे वेग घ्यायचा होता. चढावर घालवलेला वेळ मला त्या उतारावरच भरून काढायचा होता आणि मागे शर्यत बंद करत येणारी गाडी होती, जी वेळेत न पोचणाऱ्यांना उचलत येते.

"बाजूला! बाजूला व्हा!" मी ओरडले. पुढच्या बाईंनी वळून बघितलं आणि त्या घाबरून नेमक्या माझ्याच वाटेत आल्या.

मी ब्रेक दाबला. पूर्ण. वेग गेला, वेळ गेला, सगळं गेलं. बाई वाचल्या. पुलाखाली आले तेव्हा मला खुर्ची शून्यातून उचलावी लागली आणि हात शिशाचे झाले होते.

थोड्याच वेळात ती गाडी मागे येऊन लागली. तिच्यातून एक स्वयंसेवक उतरला आणि बाजूने धावत म्हणाला, "मॅडम, वेळ संपली. गाडीत या."

"नाही येणार."

"रस्ता उघडतायत. ट्रॅफिक येणार आता." त्याने माझ्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला. खुर्ची एकदम डावीकडे वळली.

"हात काढा!" मी एवढ्या जोरात ओरडले की तो मागे सरला. मग त्याचं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, रक्त येतंय," तो अगदी हळू म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता. त्याला माझी भीती वाटत होती आणि मला त्याची.

"मला माझ्या जबाबदारीवर जाऊ द्या," मी म्हणाले.

तो वॉकीटॉकीवर कुणाशी तरी बोलला, परत बोलला, वाद घातला. शेवटी म्हणाला, "डाव्या कडेने जा. वेळ नोंदली जाणार नाही तुमची. निकालात नाव येणार नाही. चालेल?"

"चालेल."

मागचे अडथळे काढले गेले आणि गाड्या सुरू झाल्या. आधी दुचाक्या. मग रिक्षा. मग एक बस माझ्या कानाशी घरघरत उभी राहिली. घाटातली एस.टी. मला तेव्हा अगदी स्पष्ट आठवली. माझ्या मागे आता कुणी नव्हतं. इंडिकेटर नाही, आवाज नाही. प्रत्येक हॉर्नला मान आखडायची. मी रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याला चिकटून ठोसे देत राहिले. एका चौकात वाहतूक पोलिसाने मला बघितलं.  मोटरसायकल सुरू करून माझ्या पुढे लागला आणि हात दाखवत दाखवत रस्ता मोकळा करत गेला. मी त्याचं नाव वाचू शकले नाही. पाठच दिसत होती.

शेवटच्या रेषेपाशी प्रेक्षकांच्या खुर्च्या उचलायचं काम चाललं होतं. आई मॅडमच्या शेजारी उभी होती. मी थांबले तशी ती पुढे आली, पण मला मिठीबिठी मारली नाही. खाली बसली, पट्टे सोडवले आणि भर रस्त्यात माझ्या नडग्या बघायला लागली. बोट दाबलं, उचललं.

"पांढरं होतंय," ती म्हणाली. मग तिथेच डांबरावर बसून रडली.

त्यानंतर मी पूर्ण अंतराच्या बऱ्याच शर्यती केल्या. निकालात नाव आलं, पदकं आली, दक्षिणेतल्या एका शहरात मी सगळ्या बायकांत पहिली आले. त्या गोष्टी लोकांना सांगायला सोप्या आहेत. मला मात्र उतार नेहमी अवघड गेला. आजही माथ्यावर पोचलं की हात आधी ब्रेककडे जातो. मॅडम म्हणतात तो जायलाच हवा.

गेल्या वर्षी एका शर्यतीत ठोसा देताना उजव्या खांद्यात काहीतरी फाटल्याचा आवाज आला. यावेळी मागच्या त्या गाडीला मीच हात केला. माझा खांदा म्हणजे माझा पायही आहे. त्यावरच मी खाटेवरून उठते, संडासला जाते, गाडीत चढते. तो गेला तर आईवर भार, आणि आईचं वय आता ते नाही. सहा महिने मी रेसच्या खुर्चीला शिवले नाही. त्या काळात मला स्वप्नात कधी छप्पर दिसलं नाही, खांदाच दिसायचा.

तपासणीसाठी माणगावला गेलो तेव्हा डॉक्टरांनी खांद्याच्या एमआरआयची फिल्म उजेडावर धरली.  आईचा हात माझ्या पाठीवर होता.

"भरलंय," डॉक्टर म्हणाले. "पण पूर्ण नाही. छोटी अंतरं करा. पूर्ण मॅरेथॉन आता विसरा. परत फाटलं तर शिवता येणार नाही."

मी "बरं" म्हटलं. बाहेर आलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात आईने दोन वडे आणि चहा सांगितला. मी वडा तोडत बसले, खाल्ला नाही.

"रडतंस काय?" आईने विचारलं.

"न्हाय."

"रडलीस तरी चालतंय," ती म्हणाली आणि माझी बशी माझ्याकडे सरकवली. "दहा किलोमीटर म्हंजे कुठून कुठपर्यंत?"

मी विचार केला. "आपल्या घरापासून निघालं तर वेळासच्या पुढे," मी म्हणाले. "रस्ता वाऱ्यावर आहे. येताना वारा तोंडावर असेल."

"मग जाताना जोर राखून ठेव," आई म्हणाली. आम्ही चहा संपवला आणि साडेतीनची गाडी लागली होती ती धरली.